बिल्ल्याचे दोन रुपये

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत मास्तर म्हणायचे, तुझ्या वेलांट्या वारा सुटल्यासारख्या दिसतात. चौथीनंतर शाळा सुटली, आणि पुढे वाण्याच्या यादीपलीकडे फारसं काही लिहिण्याची वेळच आली नाही. हे लिहिणं कुणाला दाखवायचं नाही. तरी कधी कुणाच्या हाती पडलंच, तर त्याने चुका पोटात घालाव्यात आणि माझ्या अक्षराकडे न बघता मालकीणबाईंकडे बघावं.

मालकीणबाई म्हणजे आमच्या सांगलीच्या घराच्या मालकीणबाई. लग्न होऊन मी वाईहून सांगलीला आले, तेव्हा हे एका शेटजींच्या हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. मालकीणबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. त्या मूळच्या मेढ्याकडच्या, डोंगरातल्या. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचा काळा कोट मात्र त्यांनी सोडला नव्हता. लुगड्यावर तो कोट घालून त्या बाजारात जायच्या. उन्हाळ्यातसुद्धा. कोटाच्या खिशात फुटाणे असायचे, आणि बोलता बोलता समोरच्याच्या हातात न विचारता चार फुटाणे पडायचे. त्या चालायच्या रस्त्याच्या मधोमध. टांगेवाला ओरडला तर म्हणायच्या, "कडंला गटार हाय. तू जा कडंनं."

म्हशीला त्या "अहो बाईसाहेब" म्हणायच्या आणि भाडेकरूंना "अगं", "अरं". ह्यांनी एकदा हसून विचारलं, "म्हशीला मान आणि आम्हाला अरे-तुरे?" तर म्हणाल्या, "ती दूध देती. तुमी भाडं देताय, ते बी मागितल्यावर."

नावाने त्या आम्हा बायकांपैकी कुणालाच हाक मारत नसत. मी वाईवाली. पलीकडच्या बिऱ्हाडातली ती उंब्रजवाली. कोपऱ्यावरची मिरजवाली. माहेर ज्या गावचं, ते नाव.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. एक तारखेला त्या भाडं घ्यायला यायच्या, तेव्हा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. पहिल्या महिन्यात मी चहा टाकते म्हणाले, तर हात आडवा केला.

"आज मी मालकीण हाय. मालकिणीनं भाडेकरूचा च्या प्यायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाई थेट चुलीपाशी येऊन पाट ओढून बसल्या.

"काल मालकीण व्हते. आज शेजारीण हाय. शेजारणीला च्या नगं व्हय?"

रस्त्यावरचं वाण्याचं दुकान त्यांच्याच जागेत होतं. साखर रेशनवर मिळायची ते दिवस. वाणी एकदा लाडात येऊन म्हणाला, मालकीणबाई, घेऊन जा, तुमचं काय, भाड्यात बघू. त्यांनी पुडा परत तराजूत टाकला. "आता मी गिऱ्हाईक हाय. वजन नीट कर आन पैसं घे. भाड्याचं एक तारखेला. एका वेळी एक."

"एका वेळी एक" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. लोक मागे हसायचे. मीही हसायचे. मला तेव्हा वाटायचं, माणसाने इतकं कप्पे पाडून कशाला जगायचं.

खो-खोचं मात्र त्यांना वेड होतं. शाळेच्या मैदानावर पोरं खेळायला लागली की ह्या कुंपणापाशी उभ्या. खो मिळूनही एखादा पोरगा उशिरा उठला, की अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "ऊठ रं! सासुरवाडीला आल्यागत बसलास काय!" मी एकदा विचारलं, तुम्ही लहानपणी खेळलात का? म्हणाल्या, "पोरींला कोन खेळू देतंय. पर आमच्याकडं चालणं म्हंजेच पळणं. एक पाय वर, एक खाली."

लढाई संपली त्या हिवाळ्यात सांगलीला खो-खोचे मोठे सामने ठरले. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतचे संघ येणार होते. आठवडाभर मैदानात मांडव, दोऱ्या, फक्कीच्या रेघा, आणि शाळेच्या मागच्या पडवीत पाहुण्या संघांचा स्वयंपाक. सामने भरवणाऱ्या मंडळाने स्वयंसेवक मागितले. दोऱ्यांपाशी पुरुष, आणि पाण्याला, भाकरीला बायका.

मालकीणबाईंनी मला न विचारताच माझं नाव सांगून टाकलं. मी म्हटलं, "माझ्याने चार लोकांत जमायचं नाही हो. मला तोंडच उघडवत नाही."

"पाणी भरायला तोंड लागत न्हाई. हात लागत्यात," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर फुटाणे ठेवले.

मालकीणबाई धरून आम्ही बारा जणी झालो. मंडळाचे चिटणीस तसे वाईट नव्हते. धावपळीचा माणूस, तोंडाने गोड, उपरणं कायम खांद्यावरून घसरलेलं. त्यांनी आम्हाला पुठ्ठ्याचे बिल्ले दिले, त्यावर भगवी फीत, आणि बिल्ल्यामागे दोन रुपये अनामत मागितली. बिल्ला परत दिला की पैसे परत.

"बाप्यांकडनं किती घेतलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"त्यांच्याकडून नाही घेतले. पुरुष जबाबदार असतात. घरी बायकांचा बिल्ला पोरं खेळायला घेतात, नाहीतर चुलीत जातो."

दोन रुपये म्हणजे थोडे नव्हते. मी शेजारपाजारच्या शेवया करून देऊन चार-आठ आणे जमवत होते. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिसतंय तोवर तिला एकदा तोंड दाखवून यावं, म्हणून मोटारीच्या भाड्यासाठी ते पैसे होते. ह्यांच्याकडे मागितले असते तर त्यांनी दिले असते. पण मागावे लागले असते. एवढं एक भाडं मला माझ्या हातचं हवं होतं. आठवडाभराचाच प्रश्न, म्हणून मी ते दिले. बाकीच्यांचंही असंच कुठून कुठून काढलेलं. उंब्रजवालीचे दिवस भरत आले होते. तिने बाळाच्या दुपट्यासाठी ठेवलेले दिले. तिला आम्ही बसून भाकरी थापायचं काम ठेवलं.

त्या आठवड्यात मी जितकं पाणी ओढलं तितकं जन्मात ओढलं नाही. विहीर मैदानाच्या मागे, आणि रांजण दुसऱ्या टोकाला. पण मन लागलं होतं. घामाने भिजलेली पोरं ओंजळ पुढे करायची, पाणी घटाघटा प्यायची आणि "वैनी, अजून" म्हणायची. मला कुणी "अजून" म्हटलेलं आवडतं, हे मला तिथे कळलं.

खेळ मात्र आम्हाला दिसत नव्हता. आमच्या पडवीपुढे मंडळाने कनात बांधली होती, म्हणजे बायका उघड्यावर नकोत. आम्ही नुसता आरडाओरडा ऐकायचो. तिसऱ्या दिवशी कनातीला रुपयाएवढी भोकं पडलेली चिटणिसांना दिसली.

"कुणी केली ही?"

"मी," मालकीणबाई म्हणाल्या. कात्री कोटाच्या खिशातच होती.

"अहो, भाड्याची कनात आहे!"

"काल तुमीच म्हनला, तुमी घरच्याच बायका. घरच्यांनी घरात खिडकी पाडली."

ते "घरच्याच" म्हणणं आदल्या दिवसाचं होतं. पंगती उठायच्या त्या अशा: आधी पाहुणे, मग संघ, मग मंडळ, मग दोऱ्यांपाशी उभे राहणारे पुरुष, आणि दुपार कलली की आम्ही. त्या दिवशी आमच्या वाट्याला आमटीचं नुसतं पाणी आणि भाकरीचे तुकडे आले. मिरजवाली कुरकुरली, तेव्हा चिटणीस हसून म्हणाले होते, "तुम्ही घरच्याच. तुम्हाला काय वाढायचं!" दुसऱ्या दिवसापासून मालकीणबाईंनी आमच्यापुरतं पिठलं वेगळ्या पातेल्यात काढून त्यावर परात झाकायला सुरुवात केली, आणि परातीवर स्वतः बसायच्या.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कर्ण्यातून देणगीदारांची नावं पुकारली. मी तेव्हा भांडी विसळत होते. मोठ्या व्यापाऱ्यांची नावं झाली, आणि मग एकदम ह्यांचं नाव आलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "यांजकडून रुपये दोन." टाळ्या. मग उंब्रजवालीच्या नवऱ्याचं नाव, रुपये दोन. मिरजवालीच्या नवऱ्याचं, रुपये दोन. मिरजवालीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "अगं बया," ती म्हणाली, "हे तर आपलं बिल्ल्याचं पैसं!"

घरी आले तर हे आरशासमोर टोपी नीट करत होते. चेहरा उजळलेला.

"शेटजींनी पाठीवर थाप मारली," म्हणाले. "म्हणाले, दिवाणजी, बोलला नाहीत कधी! पण मी दिले कधी गं दोन रुपये?"

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "असू दे आता," म्हणाले. "चारचौघांत नाव निघालंय. परत कुठे मागायचे?"

मी चूल पेटवायला बसले. पण त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून वाईचा घाट हलेना.

सकाळी मालकीणबाई आम्हाला घेऊन चिटणिसांकडे गेल्या. पदराला बांधलेले बाराच्या बारा बिल्ले त्यांनी टेबलावर मांडले. उंब्रजवाली आदल्या दिवशी माहेरी गेली होती, तिचाही होता. पुरुषांचे निम्मे बिल्ले तोवर हरवले होते, हे चिटणिसांच्याच तोंडून आम्ही ऐकलं होतं.

"अनामत द्या."

"अहो, ती वर्गणीत वळती केली," चिटणीस म्हणाले. "तुमच्या मालकांची नावं पुकारली की काल. खर्च वाढला, बक्षिसाची ढाल चांदीची करायची ठरली. तुम्ही घरच्याच, म्हणून म्हटलं…"

"जेवताना घरच्या. पैसं घेताना परक्या. आन देताना पुन्यांदा घरच्या?"

"आज अंतिम सामना आहे हो. नंतर बोलू."

मला वाटलं, आता ह्या भांडतील. पण त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता आमी स्वयंसेवक न्हाई. देणगीदार."

"तसंच समजा," चिटणीस घाईत म्हणाले.

"बरं," म्हणून त्या बाहेर आल्या. बाहेर आल्यावर कोट झटकला आणि म्हणाल्या, "पोरांचे रांजण काठोकाठ भरा. त्यांनी आपलं काय वाईट केलं न्हाई. मग हातपाय धुवा, आन चांगलं लुगडं नेसून या."

अंतिम सामना दुपारचा. मांडवात पुढे एक रांग लाकडी खुर्च्यांची होती. तिथे कागद लावलेला: देणगीदारांसाठी. आम्ही दहा जणी मालकीणबाईंच्या मागे गेलो आणि त्या खुर्च्यांवर बसलो. मी आयुष्यात तोवर पुरुषांसमोर खुर्चीवर बसले नव्हते. पाय कुठे ठेवायचे तेच कळेना.

मंडळी यायला लागली. शेटजी आले, वकील आले, साताऱ्याहून आलेले पगडीवाले मोठे पाहुणे आले, आणि खुर्ची न मिळून सगळे उभेच राहिले. चिटणीस उपरणं सावरत धावत आले.

"अहो, हे काय? उठा, उठा!"

"का? आमी देणगीदार न्हवं?"

"पण पाहुण्यांना पाणी कुणी द्यायचं? चहा कुणी…"

"त्ये स्वयंसेवकाला इचारा," मालकीणबाई म्हणाल्या. "आमाला बी तहान लागलीया. जरा पाणी सांगा की."

मागची माणसं हसायला लागली. सगळेच हसत नव्हते. कुणी ओरडलं, "बायकांनी घरी जावं, खेळ सुरू करा!" दुसरा म्हणाला, "दोन रुपड्यांसाठी गावाची अब्रू काढली!" मालकीणबाईंनी मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अब्रू दोन रुपयांत जाती, तर द्या की टाकून. लय सस्त्यात वाचतीया."

एवढ्यात माझ्यामागे ओळखीचा आवाज आला. हे आले होते. हलक्या आवाजात म्हणाले, "पुरे झालं. चल घरी. शेटजी बघतायत."

मी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, सरळ मैदानाकडे बघत फुटाणे खात होत्या. ऊठ म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. माझ्या खुर्चीसमोर ते पगडीवाले पाहुणे उभे होते. त्यांनी सहज, समजुतीने विचारलं, "का हो बाई, ही खुर्ची कुणाची?"

मी म्हटलं, "माझी आहे. बिल्ल्याची अनामत दिली होती मी. ती परत मिळाली की उठते."

इतकं लांबलचक मी बाहेरच्या पुरुषाशी कधी बोलले नव्हते. आवाज माझा मलाच मोठा वाटला. पाहुण्यांनी चिटणिसांकडे पाहिलं. शेटजींनीही पाहिलं. मैदानात दोन्ही संघांची पोरं फक्कीच्या रेघेवर उभी होती. त्यांतला एक काळासावळा पोरगा, ज्याला मी आठवडाभर पाणी वाढलं होतं, तो मोठ्याने म्हणाला, "वैनीचं पैसं दिल्याबिगर आमी बसत न्हाई!" आणि खरंच, खेळायला बसायचं ते पोरगं ताठ उभं राहिलं. मग त्याचा संघ. मग समोरचाही.

चिटणिसांनी तिकिटाचा डबा मागवला.

तेवढ्यानेही भागलं नाही. डबा आल्यावर ते मोजून ह्यांच्या हातात द्यायला लागले. "घ्या दिवाणजी, तुमचे दोन." मालकीणबाई काही बोलायच्या आत हे मागे सरकले. चेहरा पडला होता. शेटजी शेजारीच होते. पण म्हणाले, "तिला द्या. मी कुठे पाणी भरलं होतं?"

ते ऐकून मला जे वाटलं, ते मला लिहिता येत नाही.

"कर्ण्यात नावं घेऊन द्या," मालकीणबाई म्हणाल्या. "घेताना कर्ण्यातच घेतली."

चिटणीस कर्ण्यापाशी गेले आणि अडले. त्यांना आमची नावंच ठाऊक नव्हती. "दिवाणजींच्या सौभाग्यवती" म्हणून त्यांनी सुरुवात केली, तर मालकीणबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, "तिला नाव हाय!" मग एकेकीने जाऊन आपलं नाव सांगायचं, चिटणिसांनी ते कर्ण्यात म्हणायचं आणि हातात पैसे ठेवायचे. माझं नाव साऱ्या मैदानावर गेलं. लग्नात बदललेलं नाव, पण माझंच. आणे, चवल्या, सुट्टी नाणी. माझी ओंजळ भरली. मागे आता टाळ्या वाजत होत्या.

उरली उंब्रजवाली. तिचा नवरा हात पुढे करून उभाच होता. "माझ्याकडे द्या, मी पोचवतो."

"भाकरी तू थापल्यास?" मालकीणबाईंनी विचारलं. त्याने हात मागे घेतला.

चिटणीस कळवळून म्हणाले, "मनिऑर्डर करतो हो तिला!"

"घेतलं तुमी, आन देणार पोस्टमन? बरं, सामना खोळंबलाय. तुमचा शब्द द्या. तिच्या हातात, तुमच्या हातानं."

चिटणिसांनी साऱ्या लोकांत शब्द दिला. मालकीणबाई उठल्या, कोट सारखा केला, पगडीवाल्या पाहुण्यांना म्हणाल्या, "बसा आता. मी पाणी आणते." आणि घागर घेऊन चालू लागल्या. मिरजवाली म्हणाली, "अहो, इतकं झाल्यावर परत पाणी?" तर मागे न बघता म्हणाल्या, "तवा देणगीदार व्हते. आता स्वयंसेवक हाय." पण जाताना त्यांनी कनातीची दोरी सोडली. त्या दिवशीचा सामना आम्ही पडवीतून उघड्या डोळ्यांनी बघितला. कुठला संघ जिंकला ते सांगितलं तर दुसऱ्या गावचे रागावतील. त्या काळ्यासावळ्या पोराने मात्र तीन जणांना असं चकवलं, की मालकीणबाईंनी सगळे फुटाणे उधळले.

पुढे महिनाभरात उंब्रजवालीला मुलगी झाल्याचं कळलं. चिटणिसांना मंडळाच्या कामाला साताऱ्याला जायचंच होतं. ते मोटारीत चढले, तर पुढच्या बाकावर काळा कोट आधीच बसलेला. शेजारी मी, मांडीवर बोचकं घेऊन. मी वाईला निघाले होते, माझ्या पैशांनी. चिटणीस कपाळावर हात मारून हसले आणि मागे जाऊन बसले. कऱ्हाड येईपर्यंत मालकीणबाई त्यांना फुटाणे पुरवत होत्या.

उंब्रजला आम्ही तिघं उतरलो. तिचं घर रस्त्यापासून जवळच होतं. दारात उंब्रजवालीची आई आडवी आली. "आवं, बाप्या माणसाला आत येता यायचं न्हाई. बाळंतीण हाय."

चिटणिसांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी खिशातून दोन बंदे रुपये काढून म्हातारीपुढे धरले. म्हातारीने मालकीणबाईंकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले. मालकीणबाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या.

खोलीच्या दाराला वाकळ टांगलेली होती. चिटणीस अंगणातून ओसरीवर चढले, वाकळेसमोर उभे राहिले, उपरणं नीट केलं आणि मोठ्याने, कर्ण्यात म्हणावं तसं म्हणाले, "अनसूयाबाई!"

आतलं बाळ दचकून रडायला लागलं. वाकळेच्या कडेने हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला, तळवा वर. चिटणिसांनी त्यावर एक रुपया ठेवला. मग दुसरा. हात मिटला, आणि आत गेला.

"मिळाले का हो?" चिटणिसांनी विचारलं.

आतून, रडण्याच्या वरताण आवाज आला, "मिळाले. दोन्ही मिळाले."